तुमची कोण लागते ती?

एप्रिलात एका दुपारी आमच्या गल्लीत बिब्बे, सुया, दाभण आणि काळे मणी विकणारी एक बाई आली. डोक्यावर बोचकं, कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ऊन असं की पत्र्याची छपरं तडतडत होती आणि रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. समोरच्या काकूंनी तिला हाक मारली, पायरीवर सावलीत बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. सोलापुरात राहणाऱ्याला त्या पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि तोवर घरातला प्रत्येक तांब्या हिशेबानं भरला जातो. तरी काकूंनी पेला पुन्हा भरून दिला, मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, सुयांची एक पुडी घेतली. मी वरच्या खिडकीतून बघत होते. बघताना बरं वाटत होतं.

संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच बाईचा फोटो आला. काकूंनीच टाकलेला. खाली लिहिलं होतं, 'सावधान. ही बाई घरं हेरत फिरते. कुलपं नीट लावा, मुलांना एकटं सोडू नका.' फोटोत ती पाणी पीत होती. मान वर केलेली, डोळे मिटलेले, आणि हातातल्या स्टीलच्या पेल्यावर कोरलेलं काकूंच्या यजमानांचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. रात्री दहाच्या आत तोच फोटो जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या नणंदेकडून मला परत आला. मधल्या तीन-चार तासांत मजकूर बदलला होता. आता ती मुलं पळवणाऱ्या टोळीतली होती आणि टोळी शहरभर पसरलेली होती.

मला झोप लागली नाही.

काकू वाईट असत्या तर हा प्रश्न फार सोपा झाला असता. त्या वाईट नाहीत. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा रोज सकाळी मुगाच्या डाळीचं पाणी घेऊन त्या यायच्या. गल्लीत कोणाच्या घरी मयत झालं की पिठलं-भाकरीचं पहिलं पातेलं त्यांच्याकडून जातं. त्यांनी पाणी दिलं ते मनापासून दिलं, आणि फोटो काढला तोही मनापासून काढला. समोर बसलेली तहानलेली बाई त्यांना दिसत होती, तिची त्यांना दया येत होती. पण त्याच वेळी त्या बाईच्या मागे त्यांना एक अख्खी जमात दिसत होती, आणि त्या जमातीची त्यांना भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, 'काकू, तिनं काही केलं का?' त्या म्हणाल्या, 'अगं, केलं नाही, पण ती लोकं तसलीच असतात. आमची आई सांगायची, सेटलमेंटच्या बाजूला जायचं नाही म्हणून.' ती बाई कोण होती, कुठल्या गावची, कुठल्या जातीची, हे काकूंना माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही. ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

सेटलमेंट म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबण्याची सोलापुरातली जुनी वसाहत. तिचं नाव काढलं की आमच्या पिढीला तारेचं कुंपण आठवतं. खरं तर आम्ही कोणी ते पाहिलेलं नाही, ते आमच्या जन्माआधीच गेलं. पण ते मोठ्या माणसांच्या बोलण्यात शिल्लक होतं. लहानपणी रात्री उशिरापर्यंत बाहेर खेळलं की आजी त्या लोकांचं नाव घेऊन भीती घालायची, आणि आम्ही चादरीत शिरायचो. भीती ही अशी अंथरुणात, आजीच्या कुशीत, तिच्या लुगड्याच्या वासासकट मिळालेली. त्या वेळी ती फार सुखाची होती, हे मी आज कबूल केलं पाहिजे. बाहेर कोणीतरी आहे आणि आपण आत आहोत, या जाणिवेत एक ऊब असते.

आजीकडे ही भीती आली कुठून, ते मला पुढे फार उशिरा कळलं. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्या राज्यकर्त्यांचा सरळ हिशेब. जमातीचं नाव एकदा यादीत गेलं की तिच्यातल्या माणसानं काय केलं हे बघायची गरज उरली नाही, जन्म पुरेसा होता. पुढे या लोकांना डांबायला वसाहती उभ्या राहिल्या, मुंबई प्रांतातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आमच्या सोलापुरात. तारेच्या आत कैकाडी, पारधी, टकारी, भामटे अशा जमातींची कुटुंबं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, दिवसा गिरणीत राबायचं आणि वेळेत तारेच्या आत परतायचं. यातल्या कित्येकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव जात, कोणी टोपल्या-कणग्या विणत, कोणी जात्याला टाकी लावत. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा आला, रानं सरकारजमा झाली, आणि मग या माणसांचं फिरणंच संशयाचं ठरलं. म्हणजे ज्या आजीनं मला भीती दिली तिलाही ती कोणी दिली होती, आणि तिला देणाऱ्याच्या मागे साहेबाची सही होती, पोलिसाचं रजिस्टर होतं. इतक्या लोकांना सरकारनं तारेत ठेवलंय तर काहीतरी असेलच, असं साध्या माणसाला वाटणारच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही माणसं कायद्यानं मुक्त झाली. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, असं इथली जुनी माणसं अभिमानानं सांगतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच सुमारास आले, आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या वस्तीत जाते हे सोलापुरात कोणालाही विचारा.

त्या रात्री मला झोप न लागण्याचं कारण मात्र याहून अलीकडचं होतं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या सुमारास राज्यभर फिरत होते, आमच्याकडेही येत होते. बाजारात आलेले पाच भिक्षेकरी लोकांना संशयास्पद वाटले. जमावानं त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथं पुन्हा मारलं, जीव जाईपर्यंत. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ते मंगळवेढं, चोखोबा जिथं गावकुसाच्या भिंतीखाली गेले ते मंगळवेढं. बातमी आली तेव्हा सोलापुरात सगळे हळहळले. 'आपल्या जिल्ह्यातली माणसं' असं सगळे म्हणत होते, काकूही म्हणाल्या असतील. ती पाच माणसं जिवंत असताना झोळी घेऊन आमच्या गल्लीत आली असती तर त्यांना आपली माणसं कोणी म्हटलं असतं का, हे मला त्या वेळीही विचारावंसं वाटलं होतं. मेल्यावर ती आपली झाली.

राईनपाड्याच्या त्या जमावाबद्दल मी पुष्कळ विचार केलाय. त्यांना राक्षस म्हणून मोकळं होता येतं. पण त्या बाजारात आलेली माणसं मीठ-मिरची घ्यायला आली होती. त्यांच्या घरी लहान मुलं होती. हात उचलताना त्यांच्या मनात स्वतःच्या मुलांबद्दलचं प्रेम होतं, आणि ते खरं होतं, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. अख्ख्या समूहाचा द्वेष करणारी माणसं प्रेमशून्य असतात असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. द्वेष परक्यांचा असतो, पण तो केला जातो आपल्या माणसांसाठी. आपल्यातला जिव्हाळा त्यावर पोसला जातो.

काकूंचंच बघा ना. दोन्ही मुलगे पुण्याला. सोलापुरात आता निम्म्या घरांची हीच गत आहे, नोकरी पुण्याला आणि आई-वडील इथं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ग्रुपवर त्या रोज सकाळी फुलांचं चित्र टाकतात, त्याला एक-दोन उत्तरं येतात, कधी तीही नाहीत. त्या फोटोला मात्र उत्तरांची रांग लागली. हात जोडलेली चित्रं, 'काकू धन्यवाद', 'बरं झालं सांगितलंत', 'तुम्ही आहात म्हणून गल्ली सुरक्षित आहे'. कोणी विचारलं, तुम्हाला एकटीला भीती वाटत असेल, रात्री आमच्याकडे झोपायला येता का? त्या एका संध्याकाळी काकूंना जेवढी सोबत मिळाली तेवढी वर्षभरात मिळाली नसेल. त्या बाईला वाईट ठरवल्यावर आम्ही सगळे एकमेकांच्या किती जवळ आलो, हे मी स्क्रीनवर एकेक मेसेज येताना बघितलं. आणि मला काकूंचा राग येईना. मला फार वाईट वाटलं, दोघींसाठी.

मी ग्रुपवर लिहिलं, की मी स्वतः बघत होते, ती बाई पाणी पिऊन आणि सुया विकून गेली, तिनं काही केलेलं नाही, कृपया फोटो काढून टाका, राईनपाड्याला काय झालं ते आठवा. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग गल्लीतल्याच एका गृहस्थांनी विचारलं, 'ताई, तुमची कोण लागते ती?'

हा प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता, मी त्या गृहस्थांना ओळखते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. जी माझी कोणी लागत नाही तिच्यासाठी मी माझ्या माणसांच्या विरोधात का बोलतेय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी लिहिलं, 'कोणी लागत नाही.' पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. काकूंनी थोड्या वेळानं फोटो काढला, पण तोवर तो शहरभर गेला होता आणि तिथून तो परत आणायची काही सोय नव्हती.

माझे आजोबा जुन्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. गिरणीचा विषय निघाला की म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. एका साच्यावर मराठी, शेजारी पद्मशाली, पलीकडे कानडी लिंगायत, पुढे मोमीन. शिव्या तीन भाषांतल्या, शेंगाचटणी सगळ्यांची एकत्र. मी लहानपणी हे ऐकत वाढले आणि मला वाटायचं, माणसं एकत्र राबली की संपलं सगळं. मोठेपणी मुंबईच्या गिरण्यांबद्दल वाचताना धोट्याची गोष्ट कळली. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालायची आणि भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायचा. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागणार, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घ्यायला सवर्ण कामगार तयार नसत. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. मालकाविरुद्ध एकजूट झालेली तीच माणसं धोट्यापाशी वेगळी होत होती. आजोबांना मी विचारलं, सेटलमेंटची माणसं होती का तुमच्याबरोबर? म्हणाले, 'होती की. त्यातला एक लई चांगला होता. तसला नव्हता तो.' आजोबा खरंच त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते, आहेर घेऊन. पण त्या माणसाच्या चांगुलपणानं आजोबांचं जमातीबद्दलचं मत बदललं नाही. तो अपवाद ठरला, आणि अपवाद मिळाल्यामुळे उरलेल्यांबद्दल तसंच बोलत राहायला त्यांचं मन मोकळं झालं. ओळख झाली की द्वेष जातो असं म्हणतात. माझ्या घरात तरी तसं झालेलं मी पाहिलेलं नाही. ओळख झालेला एक माणूस सुटतो, बाकीचे तिथंच राहतात.

हेन्री ताजफेल नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडले, कैदेत जगले, आणि सुटून आले तेव्हा घरातलं जवळपास कोणीही उरलं नव्हतं. या माणसानं पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडात ब्रिस्टलला शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना पडद्यावर ठिपके दाखवायचे आणि अंदाजानं मोजायला लावायचे, किंवा दोन चित्रकारांची चित्रं दाखवून कुठली आवडली ते विचारायचं, आणि त्यावरून दोन गट पाडल्याचं सांगायचं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले असत. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलाला सांगत नसत. मग थोडे पैसे इतरांमध्ये वाटायला द्यायचे, स्वतःला काहीच मिळणार नाही अशा अटीवर. मुलं आपल्या गटाला जास्त देत, इथवर आश्चर्य नाही. पण दोन्ही गटांना भरपूर मिळेल अशी वाटणी समोर असतानाही पुष्कळ मुलं अशी वाटणी निवडत, की ज्यात आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळावं. ना जुनं वैर, ना भाकरीचं भांडण, ना कोणाची मुलं पळवलेली. नुसती एक रेघ ओढली होती. ज्याचं सगळं कूळ द्वेषानं संपवलं त्या माणसानं हे समोर बसून टिपलं, याचा विचार आला की मला गलबलून येतं.

आमच्या शहरातही रेघा ओढायला बाहेरचे हात चालतात. २००२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकानं टीव्हीवर पैगंबरांबद्दल अपशब्द काढले. तो माणूस सोलापुरात कधी आला नसेल. पण निषेधाच्या बंदला इथं हिंसक वळण लागलं, दुकानं जळाली, माणसं मेली, संचारबंदी लागली. एका माणसानं अख्ख्या धर्माला हिणवलं, आणि त्याची किंमत यंत्रमागाच्या आणि विडीच्या मजुरीवर जगणाऱ्यांनी भरली.

आणि याच शहरात चार हुतात्म्यांचा चौकही आहे. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं वाचली तरी कळतं की चौघांच्या घरांतल्या चुली निराळ्या होत्या. शाळेत आम्हाला हे ऐक्याचं उदाहरण म्हणून शिकवलं आणि ते खरंच आहे, मला आजही त्या पुतळ्यांपाशी ऊर भरून येतो. पण मोठेपणी एक शंका आली. तिथंही समोर कोणीतरी होतंच ना? मग ती एकजूट आणि आमच्या गल्लीची त्या संध्याकाळची एकजूट, यांत फरक काय? मला सापडलेला फरक असा, की त्या चौघांचा झगडा राज्य करणाऱ्यांच्या कृत्याशी होता. इंग्रजानं जुलूम सोडला असता तर तो झगडाही सुटला असता. बिब्बे विकणारी बाई काय सोडून देणार होती?

ऑगस्टच्या शेवटी मी मुद्दाम सेटलमेंटमधल्या विमुक्त दिनाच्या, म्हणजे १९५२ च्या त्या मुक्तीच्या आठवणीच्या, कार्यक्रमाला गेले. पताका, स्पीकर, भाषणं, मुलांचे सत्कार. माझ्याशेजारी एक आजी बसल्या होत्या. हजेरीचे दिवस त्यांनी लहानपणी पाहिलेले. आजारी माणसालाही उभं राहावं लागायचं, म्हणाल्या. मी त्यांना त्या फोटोची हकीगत सांगितली. त्यांनी ऐकली, मान हलवली आणि म्हणाल्या, 'वाईट झालं बाई. पण तुमी बी जरा जपून. पुलाकडं ती नवी पालं पडल्यात न्हवं का, ती लोकं बरी नव्हंत.' मी विचारलं, काही केलं का त्यांनी? त्या विचारात पडल्या. 'केलं न्हाई. ऐकलंय. आमच्या पोरी ल्हान हायत.'

मी काही न बोलता बसले. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, आजी, तुमच्याबद्दलही लोक असंच बोलायचे ना? आजींना ते लागलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'बोलायचे. पर मी कुनाचा फोटो काडला? मी कुनाला तारंत घातलं?'

हे मला पुरतं पटलं. भीती त्यांनाही आहे आणि काकूंनाही, दोघींच्या तोंडी कारण एकच आहे. पण आजींच्या भीतीमागे ना रजिस्टर आहे ना जमाव, त्यांच्या बोलण्यानं त्या पालांवरच्या कोणाच्या दारात रात्री गाडी येणार नाही. आमच्या बोलण्यानं येते. सगळेच एकमेकांचा द्वेष करतात, असं म्हणून हात झटकणारी माणसं हे वजन तोलत नाहीत.

मग आजींनी विषय बदलला. नातू पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे मैदानावर पळायला जातो, पण जात पडताळणीचा कागद अडकलाय. १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात आणि घरात तेवढा जुना कागद नाही. पणजोबाच्या शाळेचा दाखला कुठून आणायचा, पणजोबा शाळेतच गेले नव्हते. माझ्या ओळखीचं कोणी तहसीलमध्ये आहे का, असं त्यांनी विचारलं. एक निवृत्त लिपिक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचा नंबर मी नातवाला दिला. त्याला अजून दोन जणांसाठी विचारायचं होतं, एक मामेभाऊ आणि एक मित्र. मित्र पालावरचा आहे, हे त्यानं आजी उठून गेल्यावर सांगितलं.